वेणीमाधव मास्तरांचं प्रस्थान

सोलापूरच्या नवी पेठेतला माणूस बार्शीला निघाला तरी चार जण त्याला गाडीत बसवायला येतात. मग समुद्रापार निघालेल्याचं काय कौतुक झालं असेल ते सांगायला नको. वेणीमाधव माढेकर मास्तर मॉरिशसला निघाले तेव्हा वाचनालयात सत्कार झाला, शाळेत सत्कार झाला, पेठेतल्या कापडवाल्यांनी मिळून जरीकाठी उपरणं दिलं. हार वाळून कडकडीत झाले तरी खुंटीवर लटकत होते, कारण ते काढून टाकायचा धीर कुणाला होईना. एवढं सगळं झालं आणि मास्तर त्या खेपेला गेलेच नाहीत. म्हणजे गेले, पण सात रस्त्यापर्यंत.

तीस सालचा मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची ही हकीकत. मास्तर त्या वेळी चाळिशीला टेकलेले. प्राथमिक शाळेत शिकवायचे. लग्न झालं होतं, पण एन्फ्लुएन्झाच्या साथीत बायको गेली आणि दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला की ते खडू झटकावा तसे हात झटकून उठून जायचे. राहायचे थोरल्या भावाकडे. थोरले गंगाधरराव, म्हणजे दादा, कोर्टात कारकून. आईबाप लवकर गेल्यावर दादांनीच या धाकट्याला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. वहिनी रुक्मिणीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा मास्तर अजून पाटीवर लिहीत होते. दादा-वहिनींना मूल झालं नाही. घरात माणसं तीन आणि भांडण एक नाही.

पण बोलणंही नाही, हीच तर मेख होती. आमटी वाढू का, दिवा मालवला का, उद्या सुट्टी आहे का, एवढ्यावर त्या घराचा संसार चालायचा. दादांनी धाकट्याला कधी लागेल असं काही म्हटलं नाही, आणि कधी जवळ घेऊन दोन शब्द विचारलेही नाहीत. मास्तरांना वाटायचं, आपण या घरातल्या कोनाड्यासारखे आहोत. आहे म्हणून आहे. नसता तर भिंत सपाट असती, घर काही पडलं नसतं. हे त्यांना फार खुपायचं. कुणाला सांगणार?

मग एका संध्याकाळी वाचनालयात मुंबईच्या एका मंडळाचे गृहस्थ व्याख्यानाला आले. म्हणाले, मॉरिशस बेटावर आपली माणसं आज्यापणज्याच्या काळी उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली. त्यांची नातवंडं आता मराठी विसरत चालली. तिथं जाऊन तीन वर्षं शिकवील असा माणूस हवा. पगार नाही, राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण तिथली माणसं देतील. आहे कुणी?

सभेत अशी शांतता पसरली की बाहेरच्या बैलाच्या घुंगरमाळा ऐकू आल्या. मास्तरांचा हात वर गेला.

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मास्तरांच्या मनात मॉरिशसही नव्हतं आणि मराठी भाषाही नव्हती. हात वर करताना ते पाहत होते पुढच्या रांगेतल्या दादांकडे. दादा वळतील, म्हणतील, ‘अरे, हे काय खूळ? खाली कर हात.’ एवढं एक वाक्य. ते ऐकायला मास्तर तिथल्या तिथं हात खाली घेऊन आयुष्यभर नवी पेठेत खडू झिजवायला तयार होते.

दादा वळले. त्यांनी पाहिलं. आणि सगळ्या सभेत पहिली टाळी त्यांनी वाजवली.

मग काय, टाळ्यांचा पाऊस. वर गेलेला हात आता खाली कसा घ्यायचा?

मंडळाने कळवलं, बेटावर वैद्य लवकर मिळत नाही, तेव्हा रुग्णसेवा शिकून घ्या. मास्तर शाळा सुटली की दवाखान्यात जाऊ लागले. तिथली अक्कम्मा नावाची नर्स अक्कलकोटकडची. मराठी बोलायची ती कानडी हेलात. पहिल्या दिवशी तिने रोग्याचं अंग पुसून काढायला सांगितलं तर मास्तर ओला कपडा धरून नुसतेच उभे.

“का हो मास्तर, फळा पुसत नाही का तुमी?” अक्कम्मा म्हणाली. “तसंच. जरा हळू पुसायचं, एवढंच की.”

मास्तर शिकले. ताप कसा मोजायचा, नाडी कशी धरायची, तोंडात काही न जाणाऱ्याला चमच्याने पेज कशी पाजायची, सगळं शिकले. आपल्या हाताने कुणाला तरी बरं वाटतं ही गोष्ट त्यांना नवीन होती, आणि आवडली.

दुसरे गुरू राजेसाब टांगेवाले. हे मास्तरांचे लहानपणचे वर्गसोबती. तिसरीतून शाळा सोडून मुंबईला पळाले, जहाजावर कोळसा टाकायचं काम केलं, बरीच वर्षं दर्यावर काढून परत आले आणि सात रस्त्याजवळ टांगा घेऊन राहिले. मॉरिशसचं पोर्ट लुई बंदर त्यांनी स्वतः पाहिलं होतं. मास्तर बोटीने चालले म्हटल्यावर राजेसाबनी कपाळाला हात लावला.

“मास्तर, तुमी गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळन्यात बसला तरी वकता. दर्या लई हालतोय, ठावं हाय का?”

“मग काय करू?”

“सराव करायचा की!”

तो सराव अख्ख्या सोलापूरने पाहिला. टांग्याच्या मागच्या बैठकीवर मास्तर उलट्या तोंडाने बसलेले, मांडीवर शेंगदाण्याची पुरचुंडी, आणि राजेसाब मुद्दाम खाचखळग्यांतून घोडा पळवताहेत. नियम असा, की पोटात ढवळलं तरी खाणं थांबवायचं नाही. पहिले काही दिवस मास्तर कडेला उतरून ओकले. नंतर पुरचुंडी संपवून उतरू लागले. पोरं मागे धावायची, दुकानदार पैजा लावायचे. राजेसाबची बायको माजिदा रोज संध्याकाळी दारात उभी राहून विचारायची, “आज ठैरा क्या पेट में?” पोटात ठरलं म्हटलं की ती गरम भाकरी आणि चटणी पुढे करायची. पहिल्यांदा मास्तरांनी भाकरी हातात घेऊन इकडंतिकडं कुणी बघतंय का ते पाहिलं होतं. पण बोटीवर कुणाच्या हातचं खावं लागेल कुणी सांगावं, म्हणून त्यांनी हाही सराव मानला. पुढे सराव विसरून नुसतं जेवू लागले.

समुद्र ओलांडला म्हणून वाळीत टाकण्याचे दिवस तोवर सरले होते. पण मुहूर्त पाहिल्याशिवाय ओलांडायचा नाही, एवढी तडजोड धर्माने करून ठेवली होती. दादांनी जोशीबुवांना बोलावलं. बोट दिवाळीच्या सुमाराला सुटणार होती, आणि नेमक्या त्या दिवसांत प्रवासाला एकही मुहूर्त धड नव्हता. चांगला मुहूर्त होता तो दसऱ्यानंतर लगेच. अशा वेळी आपल्याकडे प्रस्थान ठेवायची रीत आहे. मुहूर्ताला घरातून निघायचं आणि वाटेच्या दिशेला कुणाच्या तरी घरी जाऊन राहायचं. खरा प्रवास मग सोयीने करायचा. ग्रहांच्या लेखी माणूस निघालेला असतो. नुसतं गाठोडं नेऊन ठेवलं तरी थोडे दिवस चालतं. पण दूरचा प्रवास, म्हणून जोशीबुवा म्हणाले, “मास्तरांनी स्वतः निघावं. आणि एक लक्षात ठेवा. एकदा निघाल्यावर घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. टाकलं की प्रस्थान मोडलं.”

स्टेशनाच्या दिशेला ओळखीचं घर एकच, राजेसाबचं. दादांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. टांगेवाल्याच्या अंगणातली एक खोली झाडून सारवून घेतली गेली. मुहूर्ताला वहिनींनी हातावर दही दिलं, मास्तरांनी दादांच्या पाया पडून गाठोडं उचललं आणि उंबरा ओलांडला. दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न होता.

ते आठवडे गेले, बोटही गेली. पासपोर्ट आला नाही. मार्शल लॉनंतर सोलापूरच्या माणसाचा कागद म्हटला की दहा ठिकाणी हुंगला जाई. हा मास्तर कुठं झेंडा घेऊन फिरत होता का, कुणाच्या ओळखीचा आहे का, हे विचारत पोलीस शाळेत आले, पेठेत आले, राजेसाबच्या घोड्यालाही विचारून गेले असतील. शाळेत मास्तरांच्या जागी दुसरा माणूस लागला होता. आता मास्तरांना शाळा नाही, घर नाही आणि प्रवासही नाही. गावातल्या गावात ते परदेशी झाले.

लोकांचंही चुकत नव्हतं. सत्कार झालेला माणूस पुन्हा मंडईत भाजी घेताना दिसला तर त्याच्याशी काय बोलायचं? “अजून इथंच?” असं विचारून लोक ओशाळायचे, आणि मास्तर त्यांच्याहून जास्त. मग मास्तरांनी ओळखीचे रस्ते टाकले. दिवसा अक्कम्माच्या वॉर्डात, उरलेला वेळ खोलीत. वॉर्डातून परत येताना पाय आपोआप नवी पेठेकडे वळत, आणि अर्ध्या वाटेवर आठवण झाली की मास्तर कुत्र्याला हाकलावं तसे स्वतःला माघारी आणत.

पण वहिनी बोलावून घ्यायच्या. दिवाळीत मास्तर गेले तर त्या पदर खोचून दारातच आडव्या.

“भाऊजी, आत नका येऊ! प्रस्थान मोडेल. बसा ओट्यावर, मी आणते.”

त्यांनी पाट मांडला, रांगोळी काढली, फराळाचं ताट बाहेर आणलं. दादा उंबऱ्याच्या आत खुर्ची घेऊन बसले, मास्तर उंबऱ्याबाहेर पाटावर. मधे ते लाकूड. वहिनी डोळ्यांत तेल घालून मास्तरांच्या पायांकडे बघत होत्या, चुकून एखादं पाऊल आत पडेल म्हणून. त्यांच्या मनात माया सोडून दुसरं काही नव्हतं. पण मास्तरांनी अर्धी चकली ताटात तशीच ठेवली. ज्या घराने आपल्याला कधी थांब म्हटलं नाही, ते आता इतक्या काळजीने आत येऊ देत नाही, हे त्यांना सोसेना. एक पाऊल आत टाकलं तर सगळं तिथंच संपणार होतं. कुणी हसलंही नसतं, नशिबात नव्हतं म्हणून सोडून दिलं असतं. मास्तर ते जाणून होते. पण न बोलावता आत जायचं तर जायचं कशासाठी?

“बरं वाटतंय ना तिकडं?” दादांनी विचारलं.

“हो.”

“चकली घे अजून.”

संपलं. भावाभावांची दिवाळी झाली.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि दादा तापाने पडले. मुदतीचा ताप. मास्तरांना कळलं तसे ते धावत आले, आणि पुन्हा तेच, वहिनी दारात. दोन दिवस मास्तर ओट्यावर बसून खिडकीतून सांगत राहिले. कपाळावर पट्टी ठेवा, पाणी उकळून द्या, घन काही देऊ नका. वहिनी बिचाऱ्या आत-बाहेर करत होत्या. डोळे खोल गेले होते, हातून पातेलं निसटत होतं. डॉक्टर येऊन सांगून गेले की सेवा चांगली झाली तर माणूस वाचेल. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आतून दादांचा ओरडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी पडल्याचा.

मास्तर उठले. वहिनी चौकटीला दोन्ही हात लावून उभ्या.

“भाऊजी, नका. इतके महिने सांभाळलं. यांना कळलं तर मला काय म्हणतील?”

मास्तर क्षणभर थांबले. मनात आलं, आपण दादांसाठी आत चाललोय की आपल्यासाठी? इतके दिवस निमित्तच तर शोधत होतो. स्वतःचीच शरम वाटली. मग आत दादा कण्हले, आणि तो विचार तिथल्या तिथं राहिला.

“वहिनी, बाजूला व्हा,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वहिनींना हुकूम केला. वहिनी बाजूला झाल्या.

त्यानंतर मास्तर त्या खोलीतून हलले नाहीत. अंग पुसलं, कूस बदलली, चादरी उकळल्या, चमच्या चमच्याने पेज पाजली. अक्कम्मा एकदा येऊन बघून गेली. तिने मास्तरांना काही सांगितलं नाही, वहिनींना एवढंच म्हणाली, “तुमी झोपा बाई आता. मास्तर हाय की.”

ताप चढला की दादा बरळायचे. कधी कोर्टातले साक्षीदार पुकारायचे, कधी आईला हाक मारायचे. एका दुपारी मास्तर त्यांची नाडी धरून बसले होते. वहिनी पायाशी. दादांनी डोळे उघडले. ते कुणाला पाहत होते देव जाणे.

“वेणू गेला का?” त्यांनी विचारलं.

मास्तर त्यांच्या तोंडाजवळ वाकले.

“त्याला सांगा कुणीतरी. म्हणावं, जाऊ नको. घर खायला उठतं रे… माझ्या तोंडून निघत नाही. तुम्ही सांगा. जाऊ नको म्हणावं.”

मास्तर नाडी मोजत होते, ते मोजणं कुठल्या कुठं गेलं. त्यांनी दादांचा हात दोन्ही हातांत धरला आणि मान खाली घालून रडले. चाळिशीचा बाप्या माणूस, वहिनींसमोर, पोरासारखा रडला. वहिनींनी पदर तोंडात धरला होता.

ताप उतरला. दादा शुद्धीवर आले ते हाडांचा सापळा होऊन. समोर मास्तरांना पाहिलं आणि पहिल्यांदा आनंद झाल्यासारखं दिसलं, मग चेहरा पडला.

“तू घरात कसा?”

“आलो.”

“अरे, प्रस्थान मोडलंस. माझ्यापायी मोडलंस.” ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बरळलेलं त्यांना काही आठवत नव्हतं.

आणि याच सुमाराला, नशिबाचा विनोद म्हणा, पासपोर्ट आला. मंडळाने कळवलं की पुढच्या बोटीत जागा ठेवली आहे. वहिनींनी मास्तरांना स्वयंपाकघरात गाठलं.

“भाऊजी, तुम्हीही ऐकलंत, मीही ऐकलं. आता शुद्धीवर आहेत. एकदा विचारा त्यांना. विचारलंत तर राहा म्हणतील. माझ्यासाठी विचारा.”

मास्तर गेले. दादा परसात कोवळ्या उन्हात शाल पांघरून बसले होते. काय विचारायचं ते मास्तरांनी जिभेवर घोळवून ठेवलं होतं, पण तोंडून निघालं भलतंच.

“दादा, मी वाचनालयात हात वर केला, तेव्हा तुम्ही पहिली टाळी वाजवलीत. का?”

दादांनी खांद्यावरची शाल सारखी केली. या घरात असं काही विचारायची पद्धतच नव्हती.

“तू लहानपणापासून कधी काही मागितलं नाहीस,” ते शेवटी म्हणाले. “सदरा फाटला तरी नाही. बायको गेली तेव्हाही माझ्याजवळ येऊन बसला नाहीस. त्या दिवशी हात वर करून तू माझ्याकडे बघितलंस. वाटलं, पोरगं पहिल्यांदा काहीतरी मागतंय आपल्याकडे. नाही कसं म्हणू? मला काय वाटलं ते माझं मी बघितलं.”

मास्तर त्यांच्याकडे पाहत राहिले. शालीतून बाहेर आलेले ते काटक हात; त्या हातांनी ती टाळी वाजवली होती. एवढंच सांगायचं होतं की दादा, मी दुसरंच मागत होतो. सांगितलं असतं तर राहायला मिळालं असतं. आणि दादा उरलेला जन्म त्या एका टाळीचा पश्चात्ताप करत बसले असते, तोंडातून अवाक्षर न काढता, त्यांच्या रीतीप्रमाणे.

“बरोबर ओळखलंत, दादा,” मास्तर म्हणाले. “तेच मागत होतो.”

दादांचा चेहरा उजळला. अशक्तपणामुळे डोळे भरून आले असतील, किंवा आणखी कशाने. “मग जोशींना बोलाव,” ते म्हणाले. “नवा मुहूर्त काढू.”

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“का नाही बोललात, भाऊजी?”

“तापात का होईना, ते जाऊ नको म्हणाले,” मास्तर म्हणाले. “मला पुरे आहे ते. त्यांना हे सांगू नका कधी.”

वहिनींनी मान हलवली, आणि पुढे खरोखरच कधी सांगितलं नाही.

मुहूर्त निघाला. दादा उभं राहवत नसताना भिंतीला धरून दारापर्यंत आले. मास्तर त्यांच्या पाया पडले, येतो म्हणाले आणि उंबऱ्यापाशी गेले. दसऱ्यानंतर निघाले तेव्हा हाच उंबरा त्यांनी सहज ओलांडला होता. या घरातून आपण गेल्याने काही कमी होत नाही, असं तेव्हा त्यांना वाटत होतं. आता ते खरं नाही हे ठाऊक होतं, आणि पाय उचलता उचलेना. मागून दादा म्हणाले, “वेणू, वेळ टळेल.” त्या आवाजात काय होतं ते आता मास्तरांना कळत होतं. त्यांनी पाय उचलला.